ब्लेड निवडायचं ते आपल्या चुका मोजून

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तीन वर्षं टेबल टेनिस खेळताय, आठवड्यातून चार दिवस. हातात अजून रेडीमेड, म्हणजे रबर लावूनच मिळणारी बॅट आहे. फोरहँड टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देत मारणं, हा भरवशाचा फटका. बॅकहँडला बहुतेक ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा फटका नुसता अडवणं, अंगात आलं तर कधीतरी ओपनिंग, म्हणजे आपणहून पहिला हल्ला. एका सीनियरची कार्बन बॅट दोन दिवस वापरून पाहिली. स्मॅश गोळीसारखा गेला, पण सर्व्हिस घेताना बॉल उंच उठायला लागला. आता विचारताय, 'माझा खेळ आक्रमक आहे, तर ५ प्लाय घेऊ, ७ प्लाय घेऊ की कार्बन?' प्रश्न ब्लेडचा आहे, म्हणजे बॅटच्या रबराखालच्या लाकडी फळीचा. प्लाय म्हणजे त्या फळीतले थर.

'माझा खेळ आक्रमक आहे' असं म्हणणाऱ्याला मी लगेच ब्लेडचं नाव सांगत नाही. मागच्या मॅचमध्ये पॉइंट कशाकशावर गेले ते विचारतो. बहुतेकांना आठवत नाही. जिंकलेले पॉइंट मात्र सगळ्यांना पाठ असतात.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा होता, पंधरा वर्षांचा, हात विलक्षण मोकळा. घरच्यांनी हौसेने त्याला सगळ्यात वेगवान कार्बन ब्लेड घेऊन दिलं होतं. सरावात तो मोठ्या खेळाडूंनाही हलवायचा आणि स्पर्धेत दुसऱ्या फेरीत घरी यायचा. एकदा मी कागद-पेन्सिल घेऊन बाजूला बसलो आणि त्याने गमावलेला प्रत्येक पॉइंट लिहून काढला. पाच गेममध्ये ४३ पॉइंट गेले. त्यातले १४ सर्व्हिस रिसीव्हवर: बॉल उंच उठला किंवा टेबलाबाहेर गेला. ११ ब्लॉकवर, तेही लांब जाऊन. बॅकस्पिनवर, म्हणजे उलट फिरकीच्या बॉलवर, लूप (जोरदार टॉपस्पिन) मारताना ७ नेटमध्ये. ५ किरकोळ. आणि जोर कमी पडला, म्हणजे चांगला फटका मारूनही समोरच्याने परत दिला, असे फक्त ६. ब्लेड निवडलं होतं त्या सहा पॉइंटांसाठी. उरलेल्या सदतीसपैकी निम्म्यांहून जास्त तेच ब्लेड घालवत होतं.

त्याला लाकडी ५ प्लाय दिलं. पहिले दोन आठवडे 'बॉल जातच नाही' अशी कुरकुर ऐकली. मग कुरकुर थांबली, कारण बॉल टेबलवर पडायला लागला आणि चौथ्या-पाचव्या फटक्यापर्यंत रॅली जायला लागली. चौथा-पाचवा फटका त्याचाच असायचा.

तुमच्याच वर्णनात उत्तराची अर्धी वाट आहे: 'सर्व्हिस घेताना बॉल उंच उठायला लागला.' ते वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी ते सगळ्यात वर ठेवेन.

ब्लेड नेमकं काय करतं? बॉल बॅटला साधारण एक मिलिसेकंद चिकटून असतो, सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात रबराचा वरचा पृष्ठभाग बॉल पकडतो, त्याखालचा स्पंज दबतो, आणि फटक्यात जोर असेल तरच स्पंज पुरता दबून लाकूड कामाला येतं. हलक्या फटक्यात, म्हणजे शॉर्ट पुश (खालून हलकेच ढकललेला छोटा बॉल), ड्रॉप, सर्व्हिस यांत, बॉलला रबर जास्त भेटतं आणि लाकूड कमी. जोराच्या लूपमध्ये, स्मॅशमध्ये लाकूड पुरेपूर भेटतं. ब्लेड कडक असेल तर ते कमी वाकतं, ऊर्जा कमी खातं, बॉल लवकर आणि सपाट निघतो. लवचिक असेल तर किंचित वाकतं, बॉल थोडा उशिरा आणि थोड्या उंच कमानीतून निघतो. ही कमान फार मोलाची. नेट १५.२५ सेंटीमीटर उंच आहे आणि टेबल त्याच्या पलीकडे जेमतेम १३७ सेंटीमीटर. कमान असेल तर बॉल नेटवरून निवांत जातो आणि तरी टेबलवर उतरतो. सपाट बॉलला चुकायला जागाच नसते.

जाता जाता एक गोष्ट. 'या ब्लेडवर बॉल जास्त वेळ राहतो, मला हातात जाणवतं' असं लोक छातीठोकपणे सांगतात. हातातली संवेदना मेंदूपर्यंत पोचायच्या आत बॉल बॅट सोडून नेटच्या दिशेने निघालेला असतो. आपल्याला जाणवतं ते फटक्यानंतरचं लाकडाचं थरथरणं आणि आवाज. पण म्हणून ते निरुपयोगी नाही. पुढचा फटका आपण त्या थरथरण्यावरूनच सुधारतो. लाकडी ब्लेड जास्त बोलतं, कार्बन कमी बोलतं. शिकणाऱ्याला बोलणारं ब्लेड बरं.

आता प्लाय. ५ प्लाय म्हणजे मध्ये जाड गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मधला थर आणि बाहेर एकेक पातळ थर. जाडी बहुधा साडेपाच ते सहा मिलिमीटरच्या आसपास. गाभा बहुतेक वेळा आयूस किंवा किरी लाकडाचा. किरी हलकं, आयूस त्याहून थोडं जड आणि भरीव. बाहेरच्या थरावर मात्र बारीक लक्ष द्या, कारण पहिल्या स्पर्शाचा स्वभाव तिथे ठरतो. लिंबा हे आफ्रिकी लाकूड मऊ. बॉल थोडा आत घेतल्यासारखा वाटतो, लूपला छान. कोटो त्याहून कडक. फटका खणखणीत, बॉल झटकन निघतो. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस, मऊ पण उसळीदार, आणि नव्या हिनोकी ब्लेडला असा वास येतो की माणूस खेळायचं सोडून हुंगत बसतो. अक्रोड, रोझवूड असे बाहेरचे थर कडक आणि वजनाला भारी.

७ प्लायमध्ये थर वाढतात, जाडी सहाच्या पुढे जाते, ब्लेड कमी वाकतं. स्टिगा कंपनीचं क्लिपर हे यातलं जुनं, अजून टिकून असलेलं नाव. ७ प्लायची खरी मजा ब्लॉक आणि सपाट ड्राइव्हमध्ये आहे: समोरून कितीही जोरात येऊ दे, बॅट हातात डगमगत नाही. टेबलाला चिकटून, लवकर बॉल घेऊन, डावीकडे-उजवीकडे फिरवणाऱ्याला हे ब्लेड आवडतं. शॉर्ट पिंपल्स, म्हणजे बाहेर आखूड दाणे असलेलं रबर, लावून फोडून काढणाऱ्यालाही. पण वजन बघा. ९० ग्रॅमच्या वर सहज जातं.

फायबरचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूड हवा. गोंदाच्या थरात कार्बन, काचतंतू असं काही घालता येतं, पण असा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा जाड चालत नाही. म्हणजे 'कार्बन ब्लेड' हेही मुळात लाकडीच असतं, आत कागदासारखे दोन थर. एवढ्याशा थराने इतका फरक कसा पडतो, तर तो थर कुठे ठेवलाय त्यावरून.

बाहेरच्या लाकडी थराच्या लगेच खाली फायबर असेल तर त्याला बोलीत आउटर म्हणतात. बटरफ्लायचं व्हिस्कारिया हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण: बाहेर कोटो, त्याखाली लगेच आर्यलेट-कार्बन (आर्यलेट या कृत्रिम धाग्यासोबत विणलेलं कार्बन), मग लिंबा, मध्ये किरी. बॉलने कोटोचा पातळ थर ओलांडला की कार्बन भेटतंच, म्हणून मध्यम जोराच्या फटक्यातही ब्लेड जागं होतं. तुमच्या सीनियरची बॅट बहुधा याच जातीची, म्हणून तुमचा नुसता अडवलेला रिसीव्हही उसळला. फायबर गाभ्याला चिकटून असेल तर ते इनर. त्यात हलक्या फटक्याला ब्लेड लाकडासारखं वागतं आणि पूर्ण ताकदीने मारलंत तरच कार्बन हात देतं. दोन गिअर असलेलं ब्लेड म्हणा. लूपवर खेळ उभा असलेल्या, पण टेबलावरचा छोटा खेळही सांभाळू पाहणाऱ्या खेळाडूंमध्ये इनर लोकप्रिय आहे ते याच कारणाने.

फायबरही सगळं एका जातीचं नसतं. नुसतं कार्बन कडक आणि कोरडं. त्यात आर्यलेट विणलं की थरथर शोषली जाते, स्पर्श जरा गोल होतो. झायलॉन हा दुसरा कृत्रिम धागा घातलेली ब्लेडं फार जिवंत, उसळती. ज्यांचा हात रोज तीन-चार तास टेबलावर असतो त्यांनीच त्यांच्या वाटेला जावं. मी स्वतः एकदा गेलो होतो. वय पस्तिशीच्या पुढे, पाय मंदावलेले. वाटलं, पायांची उणीव ब्लेड भरून काढेल. चार महिन्यांत माझी सर्व्हिससुद्धा बिघडली, कारण छोटी सर्व्हिस टाकायला मनगट आखडून घेण्याची सवय लागली. ती सवय सुटायला त्याहून जास्त काळ गेला. पाय मंद झाले की बॉलपाशी आपण उशिरा पोचतो, उशिरा मारलेल्या फटक्याला चुकायला जागा लागते, आणि वेगवान ब्लेड नेमकी तीच जागा काढून घेतं.

हे मी सगळ्यांना सांगतो: चांगल्या पोझिशनमध्ये, पाय जमिनीत रोवून मारलेला फोरहँड कुठल्याही ब्लेडने बसतो. ब्लेडची परीक्षा तुम्ही अर्धं पाऊल उशिरा असता तेव्हा होते. त्या फटक्याला जे ब्लेड सांभाळून घेतं, ते तुमचं.

डब्यावरच्या ऑल (ऑलराउंड), ऑफ मायनस, ऑफ (ऑफेन्सिव्ह, आक्रमक), ऑफ प्लस या वेगाच्या शिक्क्यांवर फार विसंबू नका. ही प्रतवारी कंपन्यांनी आपापल्या परीने केलेली आहे. एकाचं ऑफ मायनस दुसऱ्याच्या ऑफपेक्षा वेगवान निघतं. महासंघ मान्यता देतो ती रबरांना. ब्लेडची अशी मान्य यादी नसते, ते सपाट, कडक आणि नियमातल्या लाकडाचं असलं की झालं. वेगाला १०, कंट्रोलला ९ असे आकडे छापलेले असतात तेही त्या कंपनीच्या इतर ब्लेडांशी तुलना करायलाच वापरा.

त्यापेक्षा कान वापरा. रबर न लावलेलं ब्लेड हँडलला दोन बोटांत सैल धरा आणि फळीच्या मध्यावर बॉल उडवा. आवाज खालच्या पट्टीतला, 'टॉक टॉक' असा आला तर ब्लेड लवचिक आणि संथ. वरच्या पट्टीतला, 'टिक टिक' असा टोकदार आला तर कडक आणि वेगवान. एकाच नावाची दोन ब्लेडं शेजारी ठेवून हे करून बघा. लाकूड आहे, कारखान्यातून एकसारखं येत नाही, आवाजात फरक सापडतोच. मी नवीन ब्लेड घेताना तीन-चार समोर मागतो, वाजवतो आणि त्यातलं खालच्या पट्टीतलं उचलतो. लोक हसतात. हसू दे.

वजनावर माझा फार जोर असतो, कारण लोक तिथे हमखास फसतात. समजा ८८ ग्रॅमचं ब्लेड घेतलंत. त्यावर दोन्ही बाजूंना आजच्या पद्धतीची, जाड स्पंजची रबरं लावलीत, कापल्यानंतर प्रत्येकी ४७ ग्रॅम. झाले १८२. गोंद आणि कडेची टेप धरून १८६. तीच रबरं ८२ ग्रॅमच्या ब्लेडवर लावली तर १८०. सहा ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण बरंचसं वजन हातापासून लांब, डोक्याकडे असतं, आणि तिसऱ्या गेममध्ये बॅकहँडला बॅट वळवताना ते कळतं. फोरहँडला चिनी चिकट रबर लावायचा विचार असेल तर हिशेब आणखी वर जातो. प्रौढ, दणकट माणसाला १८५ ते १९० पेलतं. मुलांना, सडपातळ मनगटाच्या लोकांना आणि ज्यांचा खांदा किंवा कोपर आधीच कुरकुरतोय त्यांना १७५ च्या आत ठेवायला सांगतो. ब्लेड निवडताना ग्रॅम विचारा; एकाच मॉडेलमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक नेहमीचा. आणि उलट टोकालाही जाऊ नका. फार हलकी बॅट जोराच्या टॉपस्पिनपुढे ब्लॉकमध्ये मागे ढकलली जाते.

हँडलबद्दल थोडक्यात. फ्लेअर्ड म्हणजे खाली रुंद होत जाणारं, निसटत नाही, बहुतेकांना तेच जमतं. स्ट्रेटमध्ये पकड बदलायला मोकळीक. बॅट हातात उलटवून खेळणारे, पिंपल्सवाले बचावपटू, फोरहँड-बॅकहँडला पकड सरकवणारे स्ट्रेटकडे वळतात. अ‍ॅनाटॉमिक म्हणजे मध्ये फुगीर. हाताला बसलं तर फार छान, नाही बसलं तर दुसरा इलाज नाही. न धरता मागवू नका.

खेळाच्या शैलींकडे वळतो. टेबलापासून दोन पावलं मागे राहून दोन्ही बाजूंनी लूप मारणाऱ्याला लवचिक ५ प्लाय किंवा इनर फायबर. टेबलाजवळ ब्लॉक आणि काउंटरवर (हल्ल्याला उलट हल्ल्याने उत्तर) जगणाऱ्याला ७ प्लाय किंवा, हात तयार असेल तर, आउटर. सगळं थोडंथोडं करणाऱ्याला, म्हणजे खरं तर अजून शैली ठरायची असलेल्याला, ऑलराउंड ५ प्लाय: स्टिगाचं ऑलराउंड इव्होल्यूशन किंवा यासाकाचं स्वीडन एक्स्ट्रा या जातीतलं. यांना 'शिकाऊ ब्लेड' म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना शॉर्ट सर्व्हिस टाका.

पेनहोल्डचं, म्हणजे बॅट पेनसारखी धरण्याचं, जग निराळं. जपानी-कोरियन पद्धतीची पेनहोल्ड बॅट म्हणजे हिनोकीची एकच अखंड जाड फळी, नऊ-दहा मिलिमीटरची, आणि पारंपरिक पद्धतीत रबर एकाच बाजूला. दक्षिण कोरियाच्या रयू सेउंग-मिनने २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते याच शैलीत. त्याचं पायांचं काम पाहिलं की कळतं, ती शैली पाय मागते. चिनी पेनहोल्डला शेकहँडसारखंच, म्हणजे हस्तांदोलनासारख्या नेहमीच्या पकडीच्या बॅटसारखंच, थरांचं ब्लेड, फक्त हँडल छोटं. मागच्या बाजूने बॅकहँड मारायचा असेल तर वजनाचा हिशेब आणखी कडक करा, कारण दोन रबरांचा भार बोटांवर येतो.

बचावपटूंकडे दुर्लक्ष होतं, म्हणून त्यांच्यासाठी दोन परिच्छेद. टेबलापासून लांब उभं राहून चॉप करणाऱ्याला, म्हणजे बॉल खाली कापत बॅकस्पिनने परतवणाऱ्याला, मोठ्या डोक्याचं, संथ ब्लेड सोयीचं. सर्वसाधारण शेकहँड ब्लेडचं डोकं सुमारे १५७ बाय १५० मिलिमीटर असतं. बचावाच्या ब्लेडचं त्याहून ठळकपणे मोठं. पण आजचा बचावपटू नुसता कापत बसत नाही. दक्षिण कोरियाचा जू से-ह्युक २००३ मध्ये पॅरिसला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला, तो चॉप करता करता मध्येच फोरहँडने तुटून पडत. त्याच्या नावाचं ब्लेड बटरफ्लायने काढलं. त्यामुळे पूर्ण मेलेलं ब्लेड घेऊ नका. हलक्या स्पर्शाला संथ आणि जोर लावल्यावर थोडं जागं होणारं घ्या.

आणि लाँग पिंपल्स (बाहेर लांब दाणे असलेलं रबर) म्हणजे बचाव, हे समीकरणही सोडा. मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स लावून टेबलाजवळच उभी राहते, बॅट हातात फिरवते आणि समोरच्याची लय मोडते. अशा खेळाला लांबून कापणाऱ्याचं मऊ, मोठं ब्लेड जमणार नाही. लाँग पिंपल्स टेबलाजवळ वापरताना कडक, फार न थरथरणारं ब्लेड बहुतेकांना बरं पडतं. पातळ स्पंज किंवा बिनस्पंजचं पिंपल्स रबर लावलं की मध्ये उशी उरत नाही, लाकूड थेट बोलतं. तिथे ब्लेडची निवड गुळगुळीत रबरवाल्यांपेक्षाही जास्त महत्त्वाची.

'पण सगळे मोठे खेळाडू तर कार्बन वापरतात' असं तुमच्या मनात येणार. बरेच जण वापरतात, खरं आहे. त्यामागे थोडा इतिहासही आहे. २००० मध्ये बॉल ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला, हवेत जास्त अडकायला लागला. २००८ मध्ये द्रावक असलेले स्पीड ग्लू बंद झाले. तोवर साध्या लाकडी ब्लेडवरही ग्लूने फुगवलेलं रबर बॉल पेटवून द्यायचं. २०१४ पासून प्लास्टिकचा बॉल आला, फिरकी आणखी थोडी घटली. प्रत्येक वेळी गमावलेला वेग कुठून तरी परत आणावा लागला, आणि वरच्या पातळीवर तो बराचसा फायबर आणि कडक स्पंजमधून आला. पण ते लोक दिवसाला पाच-सहा तास सराव करतात आणि बॉलपाशी उशिरा पोचणं त्यांच्याकडून क्वचित होतं. आपल्याकडून दर तिसऱ्या बॉलला होतं.

आता थेट तुमचं. फोरहँड टॉपस्पिन मुख्य, बॅकहँड ब्लॉक, रिसीव्ह कच्चा, आठवड्याला चार दिवस. मी तुमच्या हातात लाकडी ५ प्लाय देईन, ऑफ मायनस गटातलं, बाहेर लिंबासारखा मऊ थर, वजन ८३ ते ८७ ग्रॅम, फ्लेअर्ड हँडल. स्टिगाचं ऑफेन्सिव्ह क्लासिक किंवा बटरफ्लायचं कोर्बेल हे ज्या घराण्यातले, त्या घराण्यातलं काहीही चालेल. पेत्र कोर्बेलसारखा आक्रमक चेक खेळाडू ५ प्लाय लाकडावर खेळला, तेव्हा हे बचावाचं ब्लेड आहे अशी भीती नको. ७ प्लाय तुमच्या ब्लॉकला आवडेल, पण फोरहँडची कमान कमी करेल. बॅकहँडचा ब्लॉक हाच तुमचा कायमचा खेळ राहणार असेल तरच. इनर फायबरचा विचार वर्ष-दीड वर्षाने करा, आणि एका अटीवर: पॉइंट मोजून पाहा, 'चांगला लूप मारला तरी परत आला' असे पॉइंट रिसीव्हच्या चुकांपेक्षा जास्त व्हायला हवेत. आज ते तसे नसणार.

रबरं फार उसळती घेऊ नका, नाहीतर ब्लेडवर कमावलेलं रबरावर घालवाल. फोरहँडला मध्यम कडक स्पंज, २.० मिलिमीटर. बॅकहँडला त्याहून थोडं मऊ, १.८ ते २.०. ब्लेड आणि दोन्ही रबरं एकाच वेळी बदलली की नेमकं काय बदललं ते कळत नाही, ही अडचण आहे. पण रेडीमेड बॅटवरून येताना दुसरा मार्ग नाही. तिथली रबरं काढून नव्यावर लावायच्या फंदात पडू नका, बहुतेक वेळा फाटतातच. इथून पुढे मात्र ब्लेड तेच ठेवून रबरं बदला. रबर काही महिन्यांत थकतं, ब्लेड नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं जातं.

नवीन बॅट आली की पहिले चार दिवस मॅच नको. पहिल्या दिवशी फक्त पुश आणि छोटा रिसीव्ह. जोडीदाराला सांगा, शॉर्ट बॅकस्पिन सर्व्हिस टाकत राहा. तुमचा रिसीव्ह त्याच्या बाजूला टेबलावर दोनदा टप्पा घेऊ शकेल इतका छोटा पडायला हवा. आधी दहापैकी तीन पडतील. सहा-सात पडायला लागले की बॅट हातात बसायला लागली समजा. मग ब्लॉक, मग लूप. स्मॅश सगळ्यात शेवटी. तो नाही जमला तर मला सांगायला या, पण तशी तक्रार घेऊन अजून कुणी आलेलं नाही.

रबर लावण्याआधी एक काम विसरू नका. लिंबासारखा मऊ थर असेल तर रबर काढताना लाकडाचे तंतू उपटून येतात. फळीवर पाण्यात मिसळणाऱ्या लॅकरचा एकच अगदी पातळ हात फिरवा, पूर्ण वाळू द्या. जाड दोन-तीन हात दिलेत तर ब्लेड कडक होईल आणि आपण एवढा वेळ जे टाळतोय तेच घरी तयार होईल. पुढे रबर काढताना ते सरळ वर खेचू नका. फळीलगत दुमडून, सावकाश ओढा, आणि कुठे तंतू उचललेला दिसला तर तिथे थांबून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. हँडलच्या वर, जिथे अंगठा आणि तर्जनी टेकतात, तिथली फळीची कड नव्या ब्लेडला धारदार असते. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून ती जेमतेम गोल करा, आधी अंगठ्याची बाजू, मग बोटाची, आणि दर चार-पाच घासण्यांनी बॅट धरून बघा. जास्त घासलेलं लाकूड परत येत नाही. माझ्या एका जुन्या ब्लेडला तिथे असा खळगा आहे की दुसऱ्या कुणाला ते धरताच येत नाही.